लॉट सी

आमच्या कॉलेजला कमान नाही, वसतिगृह नाही.
एका अंगाला गाद्यांचं दुकान, दुसऱ्या अंगाला दातांचा दवाखाना,
मधे आम्ही, दोन मजली, विटांचे.
क्लीव्हलंडहून येणारी बस फाटकासमोर थांबत नाही,
गाद्यांच्या दुकानासमोर थांबते.
बसमधून गादी कोण नेतं, मला अजून कळलेलं नाही.

बाकी जे काही घडतं ते पार्किंगमध्ये.
लॉट ए प्राध्यापकांचा, पण कायम नेमणुकीच्या.
लॉट बी पाहुण्यांचा, तो रिकामाच.
लॉट सी आमचा.
इथंच आम्ही जेवतो, भांडतो, पाठांतर करतो.
लेस्या मागच्या सीटवर पोराला पाजते
आणि हिटरच्या जाळीवर ओली वही वाळवते.
व्हर्नेल चौपन्न वर्षांचा. अ‍ॅक्सलचा कारखाना बंद पडला
तेव्हा निरोपाचं घड्याळ मिळायच्या ऐवजी
त्याला शिक्षणाचं कूपन मिळालं.
मी पहाटे तीनपासून डोनट तळते.
संध्याकाळी वर्गात बसले तरी नखांत साखर असते,
पेन बोटांना चिकटतं.
काहीतरी चिकटतंय म्हणायचं, असं आई म्हणते.

प्रोहास्का सर संख्याशास्त्र शिकवतात,
तीन कॉलेजांत, तासाच्या हिशेबानं.
त्यांना खोली नाही. गाडीची डिकी हेच त्यांचं ऑफिस:
जादा टायरला टेकून आमच्या उत्तरपत्रिका,
दोन टाय, सुपाचा थर्मास.
शंका असली की डिकीपाशी जायचं.
झाकणाचा दांडा गेलाय, म्हणून ते
एका हातानं झाकण तोलून धरतात
आणि दुसऱ्यानं हवेत वक्र काढतात.

फेब्रुवारीत एकदा रात्री दहाला वर्ग सुटला
आणि ओळीतल्या तीन गाड्या मेलेल्या.
आधी लेस्याची, किल्ली फिरवली की नुसतं टकटक.
मग माझी.
मग सरांची, ती टकटकही करेना.
व्हर्नेल आला, खांद्यावर लाल-काळ्या केबली,
काही न बोलता त्यानं आपलं बॉनेट उघडलं.

सरांना राहवेना. दात वाजत होते तरी म्हणाले,
एका रात्री, एका ओळीत, तिन्ही बंद पडायची शक्यता किती?
मी मनात गुणायला घेतलं,
लहान गुणिले लहान गुणिले लहान,
दशांशचिन्हामागं शून्यं साचत चालली
वायपरवर बर्फ साचतो तशी.
व्हर्नेलनं दातांत धरलेला हातमोजा काढला.
म्हणाला, गुणायचं कशाला?
थंडी तर सगळ्यांना एकच लागलीय.

सर गप्प झाले.
मग म्हणाले, दोन आठवडे मी हेच सांगायला बघत होतो.

बॅटऱ्या भरेपर्यंत आम्ही त्याच्या गाडीत बसून राहिलो.
थर्मासचं झाकण हातोहात फिरलं, सूप बटाट्याचं होतं, अळणी.
लेस्याचं पोर सरांच्या मांडीवर झोपलं,
आणि सर पंचेचाळीस मिनिटं हलले नाहीत.
त्या पंचेचाळीस मिनिटांचे पैसे त्यांना कुणी दिले नसणार.

एप्रिलमध्ये व्हर्नेल यायचा थांबला.
कुणी म्हणे टोलेडोला बहिणीकडे गेला,
कुणी म्हणे कूपन संपलं.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अशी माहिती देता येत नाही.
केबली माझ्याकडेच राहिल्यात.

शेवटच्या पेपरात शेवटचा प्रश्न:
खालील घटना स्वतंत्र आहेत का? सकारण लिहा.
मी लिहिलं, नाहीत. थंडी एकच होती.
सरांनी बरोबरची खूण केली, चांगली ठळक,
आणि खाली बारीक अक्षरात,
रीत दाखवली नाही, दोन गुण वजा.

मी भांडायला डिकीपाशी गेले.
ते कागद शोधत होते, दोन्ही हात आत.
झाकण मी धरलं.