भोवती

पेरी.
डिसोझा मिसनी फळ्यावर लिहिलं, पुढं एक आडवी रेघ ओढली
आणि खडू खाली ठेवला.
"हा एकटा राहत नाही.
मधोमध कुणीतरी लागतं त्याला."
आम्ही तेवीस जणी होतो, खानापूर, गोकाक, रामदुर्ग, कुठकुठल्या.
मी संकेश्वरची, मला ऐकू आलं उसाचं पेरं,
दोन गाठींमधलं, दातानं सोलायचं.
मिस म्हणाल्या, नाही गं, हा ग्रीक. लांबून आलाय.
अर्थ: भोवती.

मी वहीत लिहिलं, भोवती.
शेजारी शांतव्वानं लिहिलं, सुत्त.
एकाच शब्दाला दोघींनी दोन बाजूंनी कुंपण घातलं
आणि परीक्षेत दोघींना सारखेच मार्क पडले.

पुढं कधीतरी, रात्रपाळीत, टेबलावरचा जाड कोश चाळताना कळलं
की पेरी आणि आपला परि
एकाच घरातून निघालेत. घर कुठलं ते कुणी पाहिलेलं नाही.
पेरिमीटर आणि परिमिती शेजारी ठेवून बघा,
चेहरा तोच, फक्त ऊन वेगळं लागलंय.
शांतव्वाला फोन केला. ती म्हणाली, आमच्यात सुत्तळते.
सुत्त म्हणजे वेढा, अळते म्हणजे माप.
तिचं घराणं वेगळं, पण तिनंही
भोवती फिरूनच मोजलं.

पीरियड म्हणजेसुद्धा फिरून येणारी वाट.
हे तेव्हा कळलं असतं तर!
तासाची घंटा तीच, आणि महिन्याचं ते,
ज्याला हॉस्टेलात आम्ही 'पाहुणे' म्हणायचो.

आणि रायाप्पा.
अथणीकडचा, चपला शिवणारा, बेड नंबर अकरा.
डॉक्टर इंग्रजीत बोलून गेले.
मुलगा माझ्याकडं बघत राहिला.
मी म्हटलं, एदि सुत्त नीर तुंबैति.
पलीकडच्या बेडवरच्या कडोलीच्या मामांनी विचारलं, काय झालंय हो त्यांना?
त्यांना मराठीत सांगितलं, हृदयाभोवती पाणी झालंय.
तीन भाषांत तेच पाणी. एका थेंबानंही कमी झालं नाही.

हृदयाला दोन पदर असतात.
मध्ये दोन-तीन चमचे ओल हवीच,
नाहीतर पदर एकमेकांवर घासतात,
स्टेथोस्कोप लावला की करकर ऐकू येते.
रायाप्पाला तो आवाज मी ऐकवला, पहिल्या दिवशी.
नळी कानात घालून तो हसला,
म्हणाला, हे तर कोरं कातडं. तेल पाजायला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी करकर थांबली.
मुलगा खूश झाला.
त्याला कसं सांगू, पदर लांब गेलेत,
मध्ये इतकं साचलंय की घासायलाही कुणी उरलं नाही.
या भागात राहून मला एवढं ठाऊक आहे,
आवाज बंद होणं ही नेहमीच चांगली खूण नसते.

सुई घातली. बाटलीत उतरलं,
शिळ्या चहाच्या रंगाचं, पाऊण लिटर.
संध्याकाळी त्यानं उपमा मागितला,
उपम्यात मीठ नाही म्हणून भांडला.

सुटीच्या दिवशी त्यानं कालचा कन्नड पेपर फरशीवर पसरला,
म्हणाला, सिस्टर, काल इडरि.
बूट काढला, मोजा काढला, लाज वाटली टाचेच्या भेगांची.
त्यानं माझ्याच खिशातलं बॉलपेन घेतलं
आणि अंगठ्यापासून सुरुवात केली,
करंगळीच्या वळणाशी थांबत, टाचेला वळसा घालत,
एकदाही पायाला न टोचता
परत अंगठ्याशी आला.

पाय उचलला.
खाली बातम्यांवर निळी रेघ राहिली,
मधे कुणीच नाही.
त्यानं पेपराची घडी केली, बाजूला नाव लिहायला थांबला,
माझं नाव विचारायचं राहिलंच होतं त्याचं.
मी सांगितलं.
त्यानं ते त्याच्या लिपीत लिहिलं,
रेघेच्या आत.