मंचुरी

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी सिद्धाप्पाचा गाडा.
गाड्यावर ड्रॅगन रंगवलाय, त्याला पिळदार मिशा.
वर ‘चायनीज’: कन्नडात मोठं, इंग्रजीत मध्यम,
मराठीत कोपऱ्यात, चिमुकलं.
चिनी अक्षर एकही नाही.

मी जाऊन आलोय चीनला.
खोटं वाटेल, पण उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीनं पाठवलं होतं,
कोअरचं नवं मशीन शिकून घ्यायला,
निंगबोला, सतरा दिवस.
बायकोनं बॅगेत दीड किलो शेंगदाण्याची चटणी भरली
आणि तिथल्या साहेबाला द्यायला कुंद्याचा डबा.

पहिल्या रात्री टेबल फिरत होतं.
खरंच फिरत होतं, मधे काचेची तबकडी.
मासा माझ्यापुढं आला, डोळ्यासकट,
मी बघतोय तोवर पुढं गेला.
परत आला तेव्हा घेतला.
उकडलेला. वर आल्याच्या चार काड्या, कांद्याची पात.
तेल नाही, तिखट नाही, लाल तर काहीच नाही.

चोर्ल्याचा घाट उतरून गेलं की
मासा खोबऱ्याखाली असतो.
आमच्याकडं घटप्रभेचा मरळ मसाल्याखाली.
हा कशाखालीच नव्हता.
वाळू झाडल्यावर उरलेल्या कास्टिंगसारखा,
नुसता मासा.

तीन दिवस ते मला आजाऱ्याचं जेवण वाटलं.
चौथ्या दिवशी त्याला चव आली,
का मला आली, सांगता येत नाही.

सकाळी पेज. हो, पेजच,
खानापूरकडं मिळते तशी, बरोबर खारवलेला मुळा.
पाणी मात्र गरम.
भट्टीपुढं घामानं निथळणारी माणसं,
थर्मासमधून वाफाळतं पाणी पितात
आणि माझ्या गार बाटलीकडं काळजीनं बघतात.

भट्टीवरचा वू मला रोज एकच वाक्य म्हणायचा.
दुभाषी मुलगी म्हणाली, विचारतोय, जेवलात का;
उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, हा आमचा नमस्कार.
मला हणमंत तळवार आठवला, माझ्या शिफ्टचा.
नोव्हेंबरच्या एक तारखेला
तो त्यांच्या मिरवणुकीत, मी आमच्या फेरीत, काळी फीत लावून.
दोन तारखेला सकाळी गेटवर:
‘ऊटा आतेन?’
‘जेवलो की.’

वूला चटणी दिली चमचाभर.
खोकला, लाल झाला, डोळे पुसले,
आणि हात पुन्हा पुढं केला.

आल्यावर पुतण्या मागं लागला, भरमा.
खरं चायनीज कसं असतंय, काका?
त्याला घेऊन गाड्यावर गेलो.
सिद्धाप्पाला म्हटलं, अरे, तिकडं मंचुरी नावाचं काही
मला सतरा दिवसांत दिसलं नाही बघ.
त्यानं कढईतून मान वर केली नाही.
म्हणाला,
‘मग काय खातेत ते लोक, बिच्चारे?’

सरकारनं रंग बंद केल्यापासून त्याची मंचुरी फिकट पडलीय.
गिऱ्हाईकं कुरकुरतात.
मला बरं वाटतं, खाली फ्लॉवर दिसतो आता थोडासा.
पण लसूण तोच, सोया सॉस तोच,
वर मिरचीचं व्हिनेगर हवं तेवढं,
आणि खाऊन झाल्यावर कान गरम.
हे चीनचं नाही, मला ठाऊक आहे.
कुणाचं आहे ते मात्र
सिद्धाप्पाच्या पाटीवर तिन्ही भाषांत लिहिलेलं नाही.
मी फुल प्लेट सांगतो.

घरी एकदा तसा मरळ उकडला.
आल्याच्या काड्या, कांद्याची पात, सगळं त्यांच्यासारखं.
बायको ताटाकडं बराच वेळ बघत बसली.
मग उठली, चुलीवर पळी तापवली,
‘असं उघडं कसं वाढायचं ह्याला,’ म्हणाली
आणि चर्र करून फोडणी ओतली.

शेपटाकडचा एक तुकडा
मी आधीच बाजूला काढून ठेवला होता.