आठ गुणांचा प्रश्न

फळ्यावर चार विषय लिहिले,
पाचवा लिहिता लिहिता खडू तुटला.
करी रोडची रात्रशाळा, पावणेआठ,
पंखा नुसता आवाज करतोय.

वीस वर्षं मी हेच सांगत आलेय :
आत्मवृत्त घ्या रे,
आत्मवृत्ताला गुण पडतात.
छत्री रडू दे, पुस्तक फाटू दे,
शेवटी एक सुविचार, की सुटलात.

सुमेध कासारेनं घेतलं 'कुलपाचे मनोगत'.
दिवसभर लोहार चाळीत किल्ल्या कापतो,
म्हटलं, ह्याच्या तर हातातलाच विषय.
चाळीस मिनिटांत दोन ओळी :
'मी एक कुलूप आहे. मला खूप दुःख होते.'
पुढे खाडाखोड.

"अरे, रोज हाताळतोस ना?"
"म्हणून तर, बाई. कुलूप बोलत नाही.
आवाज करायला लागलं
तर आम्ही तेल घालतो."

मी हसले. तो नाही हसला.

मग विचारलं, कोरी किल्ली हातात आली
की आधी काय करतोस?

आधी जुनी उजेडात धरायची, म्हणाला.
झिजलेले दात झिजलेले नाही कापायचे,
नवी असताना कशी असेल ते ओळखायचं.
कानस तिरकी. घाई नाही.
पितळेचा भुगा पापणीवर बसतो,
डोळे चोळायचे नाहीत.
आणि साबणावर ठसा घेऊन कुणी आला
तर दुकान बंद झालंय म्हणायचं,
भर दुपारी असलं तरी.

ह्यात एक उपमा नव्हती,
आणि मला पुढचं ऐकायचं होतं.

"पेपर हातात आला," मी म्हटलं,
"की 'मनोगत' सोड. 'नसते तर' सोड.
'मी पाहिलेला', 'मी अनुभवलेला'
असं जिथे छापलं असेल तिथे थांब."
तुझी किल्ली तिथेच लागेल, असंही
म्हणणार होते, पण राहू दिलं.

रझिया मात्र अख्खी पुरवणी खोटं लिहू शकते,
थांबवावं लागतं. तिला छत्री दिली.

साडेदहाला घरी. दाराशी नेहमीसारखी
किल्ली दोनदा वर, एकदा डावीकडे.
मग बाहेर काढली,
जिन्यातल्या दिव्याखाली धरली,
नवी असताना कशी असेल
ते बघत उभी राहिले.