मिनिटभर

एकेचाळीस लढतींत एकदाच पडला बुरहान सलूम,
तोही घसरून, असं त्याचं म्हणणं.
मुहर्रकच्या चहाखान्यात अजून वाद चालतो:
थोर होता, की नुसताच टिकाऊ?

मला कुणी विचारत नाही.
मी कोपऱ्यात बर्फ धरायचो,
मासळीबाजारातला, पाचशे फिल्सचा,
सुरमईचा वास मारणारा.
डोळा मिटलेला असायचा त्याचा,
तरी म्हणायचा, ‘बीकाजी, मी बरा आहे.’

आमच्याकडे मार खातात.
खाल्लेलं कुठेतरी मुरतंच.

काल त्याच्या घरी गेलो.
शर्टाचं बटण लावता लावता थांबला.
‘घंटा झाली?’

खाली गॅसवाल्याची गाडी
घणघण करत गल्लीत शिरली होती.

‘नाही रे,’ म्हटलं, ‘अजून मिनिट आहे. बस.’
आणि उरलेली तीन बटणं
मीच लावली.