चव्वेचाळीस आणि अठरा

ओकायात, बंद पडलेल्या रेशीमगिरणीमागच्या शेडमध्ये
आम्ही सातजण लेन्स बनवतो.
बनवतो म्हणजे, काच घासून येते दुसरीकडून,
नळ्या आमच्या लेथवर,
आणि शेवटची ती पितळी कडी,
जी परक्याच्या कॅमेऱ्यात जाऊन अडकते,
तिच्यावरून वर्षातून एकदा भांडण. तेही आमचंच.

भांडण फेब्रुवारीत, हिशेब संपले की.
कियोए-सान वही उघडतात :
तीनशेच्या खाली कड्या कापून मिळत नाहीत.
कुठल्या घराण्याच्या कापायच्या, बोला.

आम्ही कंपन्यांची नावं घेत नाही.
कॅमेऱ्याच्या तोंडापासून आतल्या फिल्मपर्यंत, किंवा सेन्सरपर्यंत,
जितके मिलिमीटर, तेच नाव.
अठरावाले. सोळावाले. चव्वेचाळीसवाले.
गावात एखाद्याला आडनाव सोडून
त्याच्या विहिरीच्या खोलीवरून ओळखावं, तसं.

अठरावाल्यांकडे गर्दी आहे.
पण त्यांच्या दाराशी दहा सोनेरी ठिपके,
आणि त्या ठिपक्यांची भाषा ते कुणाला शिकवत नाहीत.
मोरिहिरोनं दोन हिवाळे ऑसिलोस्कोप लावून ती ऐकली,
शेजारच्यांचं भांडण भिंतीला कान लावून ऐकतात तशी.
हाती लागलं ते एवढंच :
लेन्स म्हणते, मी आलेय.
कॅमेरा विचारतो, कुणाची तू?
पुढचं त्याला उलगडलं नाही.
म्हणून आमच्या कड्या मुक्या.
हातानं फिरवा, डोळ्यानं बघा,
चुकलात तर तुमचं तुम्ही.

सोळावाल्यांनी पत्र पाठवलं होतं, जाड कागदावर.
सुरुवात प्लमच्या मोहोरानं,
मग आमच्या प्रकृतीची चौकशी,
वकिलाचं नाव अगदी तळाशी, लाजल्यासारखं.
कियोए-सानांनी ते फाइलला लावलं
आणि सोळावाले वहीतून खोडले.
चर्चा झाली नाही.

उरले चव्वेचाळीसवाले.
त्यांचे कॅमेरे आता कुणी बनवत नाही.
गिऱ्हाईक दर वर्षी थोडं मरतं, उरतं ते चिवट.
तार्तूहून हेल्वे लेपिक म्हणून एक बाई लिहितात :
नवऱ्याचा कॅमेरा, पहाटेची दलदल,
तुमची अठ्ठावीसची चव्वेचाळीसमध्ये कधी?
हे त्यांचं चौथं पत्र.

म्हातारे तोकुशिची-सान असते तर प्रश्नच नव्हता.
त्यांचा नियम : घडवायचं ते सगळ्यात लांबच्यासाठी.
लांबच्यासाठी घडवलेली जवळच्याला चालते,
मध्ये रिकामी नळी घाला, झालं.
जवळच्यासाठी घडवली की लांबचा मिटला.
हवा घालता येते, म्हणायचे ते,
काढून घेता येत नाही.

पण यंदाची लेन्स त्यांच्या नातीनं काढलीय, चिझुरूनं.
मुठीत मावणारी,
कोपऱ्यापर्यंत अशी धारदार
की तळ्यापलीकडच्या छपरांची कौलं मोजावीत.
तिची मागची काच कॅमेऱ्यात खोल उतरते,
चव्वेचाळीसवाल्यांचा आरसा जिथून वर उचलला जातो,
नेमकी तिथं.
पहिल्याच फोटोला आरसा फुटेल.

भांडण अकरा मिनिटांत संपलं.
कुणी कुणाला हरवलं नाही. तीनशे, अठराच्या.
चिझुरू चहा करायला उठली
आणि बराच वेळ आलीच नाही.

परदेशी पत्रांना उत्तरं मी लिहिते,
एक वर्ष बाहेर शिकले होते म्हणून.
‘यंदा नाही’ असं लिहिलं. खोडलं.
यंदा म्हटलं की मागोमाग पुढचं वर्ष येतं.
मग आरशाचं लिहिलं, मिलिमीटरसकट, आकृती काढून.

खणात जुन्या मालातल्या
चव्वेचाळीसच्या नऊ कड्या पडल्यात.
एक काढून मायक्रोमीटरमध्ये धरली.
अजून बरोबर आहे, केसभरही ढळलेली नाही.
पाकिटात घातली नाही. नुसत्या कडीचं काय करणार त्या.

आकृतीत आरसा मात्र जरा मोठा निघालाय.
दोनदा काढला,
दोन्ही वेळा.