जंबेरीची फूट

धरमपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर
ढोमणे सरांचा स्पॅनिशचा क्लास. सात जण, एक पंखा.
मिहानमधल्या नोकरीत भाषेचे
अडीच हजार जास्त मिळतात, म्हणून मी.

सोमवारी सरांनी फळ्यावर लिहिलं : सिमार्रोन.
आधी गोठ्यात होतं, मग डोंगरात पळालं, असं जनावर.
पुढे उसाच्या मळ्यांतून, साखळ्यांतून
निसटलेल्या माणसांनाही तोच शब्द.
"रानटी लिहू नका," सर म्हणाले,
"रानटी रानातच जन्मतो.
याच्या मानेवर दाव्याचा वळ आहे."

वहीत अर्थाची जागा कोरी ठेवून
मी बसमध्ये बसले.
मोकाट? तो महापालिकेच्या पाटीवरचा,
त्याच्यामागे जाळीची गाडी येते.
उनाड? ते ऐकून झालं लहानपणी,
फुटाळ्यावरून उशिरा आलं की.
इतवारीत पोत्यांत तोंड घालणारा पोळ?
पण त्याला तर डाग देऊन
देवाच्या नावानं कुणी सोडलेलं असतं.
सोडलेलं.

पारबता आत्याला गावात हाच शब्द होता.
नवऱ्यानं सोडलेली.
खरं तर तीच निघाली होती,
काटोलहून पहिल्या एसटीनं,
जाताना त्याचीच छत्री घेऊन.
गोरेवाड्याकडच्या नर्सरीत रोजानं
डोळे भरायला लागली.
तिथं डोळे भरणं म्हणजे रडणं नाही :
जंबेरीच्या रोपाला चीर,
चिरेत संत्र्याचा डोळा, वरून पट्टी.

एकदा कलमाच्या गाठीखालून
एक फूट आलेली दिसली, काटेरी, सरळसोट.
"हे काय वं आत्या?"
"जंबेरी हाय. मुळातली.
ध्यान नाही देल्लं त संत्रं मरते
अन् हेच झाड होते."
"मंग काप ना."
"कापतो, कापतो," म्हणाली,
चाकू पुसला
आणि पुढच्या रोपाकडे सरकली.

त्या झाडाची फळं अजून येतात.
खडबडीत साल, आंबट ढोण, बियाच बिया.
बाजारात कोणी विचारत नाही.
लोणच्याची एक बरणी दरसाल आमच्याकडे येते,
झाकणाला जुन्या छत्रीचं काळं कापड बांधलेलं.

आज वहीत लिहिलं : सुटलेली.
सरांनी चष्मा वर केला.
"मूळ शब्द पुल्लिंगी आहे, मिस वाघाडे."
मी म्हटलं, राहू द्या ना सर.