पंचवीसचा कट्टा

रिपोर्टात आठ आलं.
पाहिजे होतं तीस.
तिरोड्याच्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला
आणि खिडकीबाहेर बघितलं,
तिथे उन्हात उभी सायकल
हात लावू देत नव्हती, ऑक्टोबर असून.
"ह्या मुलखात," ते म्हणाले, "आठ."

मी काय सांगू त्यांना?
पर्बताबाई उके, वय चौऱ्याहत्तर,
अकराव्या वर्षापासून पडवीत बसून होती.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं.
ऊन लागलं की पान कडकतं,
कडकलेलं पान वळत नाही,
फुटलेली बिडी सट्टेदार छाटात टाकतो,
छाटाचे पैसे नाहीत.
वैर नव्हतं उन्हाशी, हिशेब होता.
तिरीप पडवीत शिरली की माय
बूड न उचलता सरकायची
भिंतीपर्यंत.
मग भिंतच उरायची.

आता ती मला इंदू म्हणते.
इंदू तिची बहीण, लहानपणीच तापानं गेलेली.
कधी म्हणते, "का वं बाई, कोनाकडे आली?"
परवा चुलीवर भात ठेवला
तांदळाशिवाय.
पाणी खदखदत राहिलं
आणि आम्ही दोघी ऐकत बसलो,
मी शिलाई मशीनवर, ती तिच्या जागी.

"ह्यानं डोकं ताळ्यावर येईल का?"
डॉक्टर जरा गप्प राहिले, ते मला आवडलं.
मग म्हणाले, ज्यांच्या अंगात ड कमी
त्यांच्यात विसरणं जास्त दिसतं,
पण कोण कोणाच्या मागे चालतं
ते अजून नीट कळलेलं नाही.
हाडांसाठी द्याच.
डोक्यासाठी... द्यायला हरकत नाही.
आठवड्याला एक पुडी, दुधातून,
आणि ऊन.
"वैशाखातलं नको हो," दारापर्यंत येऊन म्हणाले.

धान चुरून झालं, पौष लागला.
खाट अंगणात काढली.
"हात उघडे कर, माय."
"कोनी पाहीन."
"कोण पाहणार? कोंबड्या?"
बाही खांद्यापर्यंत मीच सरकवली.
आत दंड,
सोललेल्या शिंगाड्यासारखा फिका,
कुठल्याच दुपारीला कधी न सापडलेला.

पहिले चार दिवस ती सावलीमागे सरकली,
तशीच, बूड न उचलता.
पाचव्या दिवशी राहिली.
मांडीवर काही नव्हतं
तरी बोटं चालू झाली.
नसलेलं पान दाबायचं, वळायचं,
तोंड मुडपायचं, दोऱ्याचे दोन फेरे.
ओठ हलत होते.
सतराला थांबली.
"पुढं का असते वं?"
मी लगेच सांगितलं नाही.
"अठरा," म्हटलं मग.
"हो जी, अठरा,"
मी जणू सट्टेदाराचा माणूस,
आणि पुन्हा एकपासून.

पंचवीसचा कट्टा अजून बांधून झालेला नाही.
कधी बावीस, कधी नऊ.
आठातल्या सहा पुड्या संपल्या.
कुठल्याच आकड्यावरून काही समजायचं नाही
असं मी ठरवलंय,
तरी दुधाचा पेला विसळताना
कालचा आकडा मनात असतोच.

काल मशीनच उचलून बाहेर आणलं.
लग्नाचे अकरा ब्लाऊज आहेत शिवायचे.
उन्हात सुई इतकी चमकते
की नाकं दिसत नाही.
माझं वय एकावन्न, त्यातली बत्तीस वर्षं आत.
माझं रक्त कोणी काढलेलं नाही.
बाही वर केली.
मायनं माझ्या दंडाकडे बराच वेळ पाहिलं,
मग खाटेवरची आपली जागा थोडी सोडली.
"सरक इंदू, इकडं ये.
ऊन आता इकडं हाये."